आजीची पुरचुंडी

भालकीच्या घरी आजीच्या लुगड्याच्या घडीत एक पुरचुंडी सापडली. आत तांब्याची अकरा नाणी. भाचा म्हणाला, "मावशी, ग्रेडिंगला पाठवू या. सर्टिफिकेटसकट सीलबंद परत येतील."

मी नीट पाहिलं. तीन नाणी जाड, ओबडधोबड, फारसी अक्षरं अर्धीमुर्धी. ती बहामनी. 1347 साली गुलबर्ग्याला ही सत्ता उभी राहिली, पुढं राजधानी बिदरला आली. बाकीचे निजामाचे ढबू. 1948 पर्यंत आमचा मुलूख हैदराबाद संस्थानात. सात हाली रुपये म्हणजे सुमारे सहा इंग्रजी.

ग्रेडिंगचे गुण 1 ते 70. नाणं जितकं कमी वापरलेलं, तितके गुण जास्त. नाणं दुर्मीळ असलं किंवा खऱ्याखोट्याची शंका असली, तर खर्च करावा. अशा झिजलेल्या साध्या नाण्याची फी मात्र किमतीहून जड. शिवाय शंभरी ओलांडलेलं नाणं 1972 च्या कायद्यानं पुरावस्तू. ते आपल्याला परस्पर परदेशी धाडता येत नाही.

एक चूक मीच केली. एक बहामनी नाणं चिंचेनं घासलं. देवघरातल्या तांब्यासारखं लखलखलं खरं, पण शतकांचा रंग गेला. बायांनो, तुम्ही घासू नका.

उरलेली दहा कागदी पाकिटांत ठेवली. प्रत्येकावर वजन आणि 'आजीकडून' एवढं लिहिलं. आजीनं काही संग्रह केला नव्हता. मीठ-मिरची आणून उरले ते हे पैसे. बाजारातल्या हातांनी ते झिजले. त्या झिजेलाच गुण कमी मिळणार होते, म्हणून पाठवले नाहीत.