नवीन पेशंट की जुना?

परवा नातवाने माझा संगणक ‘साफ’ करून दिला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राचं नेहमीचं संकेतस्थळ उघडलं, तर त्याने ओळखच दाखवली नाही! ‘आपले स्वागत आहे, भाषा निवडा.’ रोज सकाळी चहाबरोबर तिथे जाणारा मी, आणि वागणूक मात्र नवख्यासारखी. नातू म्हणाला, "आजोबा, कुकीज पुसल्या ना मी!"

मास्तरकी सुटली तरी खोड जात नाही. म्हटलं, या कुकीचा इतिहास तरी पाहू.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न प्रयोगशाळेत वेब उभारलं, त्याच्या नियमांत आठवणीला जागाच नव्हती. तुम्ही पान मागायचं, समोरच्या संगणकाने ते द्यायचं, की संपला संबंध. पुढच्याच क्षणी दुसरं पान मागितलंत तरी तुम्ही परके. नुसतं वाचायचं असेल तर ठीक, पण दुकान कसं चालवायचं? पिशवीत काय टाकलंय तेच दुकानदाराला आठवणार नाही!

ही अडचण १९९४ च्या जूनमध्ये लू माँटुली या तरुणाने सोडवली. तो पुढे नेटस्केप म्हणून गाजलेल्या कंपनीत होता. एमसीआय या ग्राहक कंपनीला अर्धवट राहिलेल्या खरेदीची नोंद स्वतःच्या संगणकावर ठेवायची नव्हती. माँटुलीने तोड काढली की चिठ्ठी पाहुण्याच्याच खिशात ठेवायची. पुढच्या खेपेला ब्राउझर ती आपणहून दाखवेल. युनिक्सवाल्यांच्या ‘मॅजिक कुकी’वरून त्याने नाव घेतलं.

आपल्या दवाखान्यातला केसपेपरच की हा! कंपाउंडर विचारतो, "नवीन की जुना?" पेपर पिशवीत असला तर जुने, घरी विसरला तर पुन्हा नाव, वय, पत्ता. आणि गंमत म्हणजे कुकीचा पहिला प्रत्यक्ष वापरही याच प्रश्नासाठी झाला. नेटस्केपच्या संकेतस्थळावर आलेला माणूस आधी येऊन गेलाय की नाही, एवढंच तपासायला! चिठ्ठी नसली की नवखा, त्याला वेगळं पान दाखवता येतं.

पण लोकांना याचा पत्ताच नव्हता. १२ फेब्रुवारी १९९६ ला ‘फायनान्शियल टाइम्स’मध्ये लेख आला, तेव्हा कुठे गवगवा झाला. तोवर जाहिरातवाल्यांनाही वाट सापडत होती. एकच कंपनी अनेक संकेतस्थळांवर जाहिराती लावते आणि प्रत्येक ठिकाणी आपलीच चिठ्ठी तपासते. म्हणजे गावातल्या प्रत्येक दवाखान्याबाहेर एकच माणूस वही घेऊन बसलेला! १९९७ च्या तांत्रिक नियमावलीने अशा परक्या चिठ्ठ्या आपोआप स्वीकारू नयेत असं सांगितलं. मोठ्या ब्राउझरांनी ऐकलं नाही. पुढे युरोपने २००२ मध्ये आणि २००९ च्या दुरुस्तीने कायदा केला, त्यातून ‘मान्य आहे का?’ विचारणाऱ्या पट्ट्या आल्या. सफारीने २०२० मध्ये परक्या चिठ्ठ्या सरसकट बंद केल्या. गूगलनेही त्याच वर्षी तसं जाहीर केलं, पण २०२४ मध्ये माघार घेतली.

असो. हे सगळं वाचताना मला आठवत राहिली आमची माई. घरच्या मंडळींना ठाऊकच आहे, गेली दोन वर्षं तिच्या खिशात एकही चिठ्ठी राहत नाही. दर रविवारी जातो, दर रविवारी विचारते, "आपण कुठले?" मी गावाचं नाव सांगतो. "अगंबाई, आमच्याच गावचे!" म्हणून हातावर साखर ठेवते.

सुरुवातीला मी चिडायचो. "अगं, मी तुझा धाकटा भाऊ!" तिचा चेहरा बावरून जायचा. आता नाही सांगत. तिचा केसपेपर माझ्याकडे आहे, तेवढं पुरे. येत्या रविवारी पुन्हा पहिल्यांदाच जाणार आहे.