एकच रान, अनेक वाटेकरी

जोयडा तालुक्याला जुनी माणसे अजूनही ‘सुपे’च म्हणतात, ते सुपे गाव मात्र काळी नदीवरच्या धरणात बुडाले. याच तालुक्यात नंदिगड्डे वसले आहे. नावातला मूळ कन्नड शब्द ‘गद्दे’, म्हणजे भातशेत. शेत थोडे आणि रान अफाट, असा हा मुलूख.

या रानावर जगणारे लोक एका मुळाचे नाहीत. कुणबी रान तोडून, जाळून नाचणी पेरीत आणि काही वर्षांनी जागा बदलीत, हीच कुमरी. हव्यकांनी ओढ्याकाठी सुपारीच्या बागा केल्या. गवळी धनगर म्हशी घेऊन सह्याद्रीच्या कण्याने महाराष्ट्रातून खाली उतरले. आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज, ते सिद्दी. कुणाच्या घरात कोकणी, कुणाच्या कन्नड, कुणाच्या मराठी.

इतकी सरमिसळ असली की सामाईक रान कोण राखणार, असे पुष्कळांना वाटते. मला ते पटत नाही. माधव गाडगीळ आणि के. सी. मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या गवळी धनगरांचा अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध केला. त्यात दिसते ते असे : कुणबी खोऱ्यात शेती करी, शिकार करी, गवळी माथ्यावर म्हशी राखी, लोणी विकी आणि शिकारीला सहसा जात नसे. जो तो रानातले वेगळे काही घेई, म्हणून भांडणाला कारण कमी. वेगळेपण हीच तिथली वाटणी होती.

ही घडी विस्कटली ती सरकारी कागदाने. १८६२ साली उत्तर कानडा मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला. त्या काळात कुमरीवर बंधने येऊ लागली आणि ती वाढतच गेली. उलट घाटावरच्या बागाईतदारांना पालाखतासाठी एकरी ९ एकरांपर्यंत ‘बेट्टा’ रानाचा हक्क मिळाला. बाग नकाशावर दाखवता येत होती. फिरती शेती आणि फिरता कळप दाखवता येत नव्हता. ज्याची जागा कायम, त्याचाच हक्क कायम ठरला.

आजही तेच चालले आहे. २००३ साली गोव्यातले कुणबी आणि उत्तर कन्नडचे सिद्दी अनुसूचित जमातींत आले. जोयड्याचे कुणबी राहिले. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने जमातींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट पुरेशी मानली, इतरांना मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास दाखवायला सांगितले. शेजारी राहणाऱ्या दोन घरांना पुरावे दोन तऱ्हेचे! मग मनात अढी बसली तर दोष जातीला का द्यावा?

याच कायद्यात ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मागण्याचीही सोय आहे. तो दावा एका घराचा नसतो. त्यासाठी गावाची वहिवाट सांगावी लागते. कुणब्याचे कंदमूळ, गवळ्याची चराई, सिद्द्याचा मध आणि हव्यकाचा पाला एकाच अर्जात लिहायचा, तर सर्वांना एका ओसरीवर बसावेच लागेल. नंदिगड्ड्यासारख्या गावांनी तेवढे करावे, असे मला मनापासून वाटते.