खळ्यावरचे देणे

कारागिराच्या हाती कामासरशी रोख पैसे ठेवावेत, ही रीत देशावरच्या खेड्यांत फारशी पुरातन नाही. सुताराने वर्षभर नांगर-पाभर नीट राखावी, लोहाराने फाळ पाजळावेत, चांभाराने मोट शिवावी, न्हाव्याने घरातील यच्चयावत पुरुषांची हजामत करावी, आणि सुगीत खळ्यावर मळणी चालली असता प्रत्येकाने आपल्या ओळीप्रमाणे, थोरली, मधली वा धाकटी, पेंढ्या किंवा पायल्यांनी माप घेऊन जावे, असा हा बलुत्याचा वहिवाटी बंदोबस्त असे. पीक बुडाले की बलुतेही बुडे. काम मात्र बुडत नसे.

इंग्रजी अमदानीत 1836 साली इंदापुरापासून सुरू झालेल्या पाहणीने शेतसारा रोखीत पक्का ठरविला, पुढे कपाशीसारखी बाजाराची पिके वाढली, आणि कुणब्याच्या घरात नाणे खेळू लागले, तसतसे खळ्यावरच्या मापाला घासाघीस होऊ लागली. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 साली ‘गावगाड्या’त या हक्कांची जी चिकित्सा केली, तिच्यात कुणब्याची कुरकुर स्पष्ट ऐकू येते. तीत तथ्य नव्हते असे नाही. पण माप घालणारा हात आणि ते पदरात घेणारा हात यांची बाजू एकच नव्हे, आणि बलुत्याच्या गोडव्यांचे लेखन बहुधा पहिल्याच हाताने झाले आहे. महाराला तर बलुत्याबरोबर सरकारी वेठही होती, आणि हाक येईल तेव्हा, रात्री-अपरात्री, धावावे लागे. म्हणूनच डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविताना बलुत्याचे रोख करात रूपांतर करून तो सरकारने शेतसाऱ्याबरोबर वसूल करावा, अशी मागणी केली. दाराशी भाकर मागण्यापेक्षा सरकारी पावतीवरचा रुपया त्यांना अधिक सन्मानाचा वाटला, यात नवल कसले? ते विधेयक संमत झाले नाही. कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने संपुष्टात यायला 1958 साल उजाडावे लागले.

आता तो रुपयाही हातातून निसटू लागला आहे. 2016 साली यूपीआय सुरू झाले, त्याच वर्षी नोटबंदी आली, आणि आज खेड्यातल्या केशकर्तनालयात आरशाशेजारी चिकटविलेला क्यूआर कोड दिसतो. फोनने पैसे धाडले की डबी मोठ्याने रक्कम सांगते. काही जुन्या घरांचा हिशेब मात्र अजून सुगीलाच मिटतो, आणि त्या घरांपुढे ती डबी मुकीच राहते.