अक्षर आणि अवजार

जातिव्यवस्थेने आम्हांला अवजार दिले, अक्षर नाकारले. १८५५ साली जोतिराव-सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली, ती ही फाळणी मोडण्यासाठीच, असे मी मानतो. २९ ऑक्टोबर १९४२ च्या व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी शिष्यवृत्त्यांबरोबर सरकारी छापखाने व रेल्वे कारखान्यांत अस्पृश्य तरुणांना उमेदवारीही मागितली. १९५० साली त्यांनी औरंगाबादेत महाविद्यालय उघडले. तेच पुढचे मिलिंद. पण ज्यांची शाळाच लहानपणी सुटली, त्यांचे काय? १९६७ साली मुंबईत निघालेल्या श्रमिक विद्यापीठाने कामगाराची साक्षरता व कौशल्य एकत्र आणले. नागसेनवनाच्या वारसांनी हा धागा सोडू नये. नुसती सही पोट भरत नाही. आणि अक्षराशिवायचे कौशल्य ही नव्या नावाची बलुतेदारीच होय.