अतिदक्षता विभाग : रचना, स्थलांतर आणि संसर्ग

अतिदक्षता विभागात (आयसीयूत) दाखल झाल्यावर साधारण 48 तासांनंतर जडणारा संसर्ग रुग्णालयातला मानला जातो. श्वासनलिकेतील नळी, सेंट्रल लाइन आणि कॅथेटर यांमुळे जंतूंना शरीरात थेट वाट मिळते. जंतू त्या वाटेपर्यंत पोहोचतात की नाही, यात खाटांमधले अंतर, हात धुण्याची सोय, हवा आणि सांडपाण्याचा निचरा यांचा मोठा वाटा असतो.

स्वतंत्र खोल्या : कॅनडातील माँट्रियल जनरल रुग्णालयाने 2002 मध्ये आयसीयू एकेरी खोल्यांत हलवला. सामायिक कक्ष असलेल्या शहरातील दुसऱ्या आयसीयूशी तुलना करता एमआरएसए (मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस), व्हीआरई (व्हँकोमायसिनला न जुमानणारा एंटरोकोकस) आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूंची एकत्रित लागण 54 टक्क्यांनी घटली. 2015 मध्ये त्याच शहरातील रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालय सर्व एकेरी खोल्यांच्या नव्या इमारतीत गेले. तिथे व्हीआरईचे संसर्ग घटले. एमआरएसए आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या संसर्गांत मात्र फरक पडला नाही.

बेसिन : टोरोंटोतील एका रुग्णालयात 2004 ते 2006 दरम्यान औषधांना न जुमानणाऱ्या स्यूडोमोनासची लागण 36 रुग्णांना झाली. जंतू बेसिनच्या निचरा नळीत ठाण मांडून होते. नळाची धार थेट जाळीवर पडे आणि शिंतोडे मीटरभर उडून शेजारच्या औषधे तयार करण्याच्या जागेपर्यंत जात. बेसिनची रचना बदलल्यावरच साथ आटोक्यात आली.

हवा व धूळ : हवेतून पसरणाऱ्या रोगांसाठीच्या खोलीत ऋण दाब आणि नव्या बांधकामात तासाला किमान 12 वेळा हवा बदलणे अपेक्षित असते. पाडकाम-बांधकामाच्या धुळीतून ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू येतात. आयटी पार्कनंतर झपाट्याने वाढलेल्या पुण्याच्या खराडीसारख्या उपनगरात आयसीयूचे फिल्टर आणि खिडक्यांच्या फटी यांकडे म्हणूनच जास्त लक्ष द्यावे लागते.

भारतीय संदर्भ : इथल्या आयसीयूंत क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर यांसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंचा जोर अधिक. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी 2010 मध्येच एनडीएम-1 (कार्बापेनेम प्रतिजैविके निकामी करणारे विकर) असलेले जंतू नोंदवले होते. त्यामुळे वेगळ्या जंतूंविषयीचे माँट्रियलचे निष्कर्ष जसेच्या तसे इथे लावता येत नाहीत. भिंतींइतकेच निचरा, हातांची स्वच्छता आणि रुग्णांमागे परिचारिकांची संख्या यांना महत्त्व आहे. पुण्यात 2020 मध्ये ससून रुग्णालयाची अकरा मजली नवी इमारत कोविडसाठी घाईने सुरू झाली, तेव्हा खाटांइतकीच मनुष्यबळाचीही निकड होती.

स्थलांतर : जुनी इमारत मागे राहते, जंतू राहतीलच असे नाही; रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यात आणि व्हेंटिलेटरवर ते सोबत येतात. नव्या इमारतीत वापराविना साचलेल्या पाण्यात लिजिओनेला हा जंतू वाढू शकतो. म्हणून खाटा हलवण्याआधी नळ वाहते ठेवून पाण्याची तपासणी करतात आणि यंत्रे निर्जंतुक करतात. स्थलांतराचा फायदा झाला का, हे ठरवायला दर 1,000 कॅथेटर-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस कॅथेटर म्हणजे एक कॅथेटर-दिवस) किती संसर्ग झाले, याची आधीची आणि नंतरची अनेक महिन्यांची नोंद लागते.