दिनविशेष, २८ मार्च : छावणी, कैद्यांच्याच नजरेतून

१९४८ : वॉर्सात ‘ओस्तात्नी एताप’ (शेवटचा टप्पा) हा पोलिश चित्रपट प्रथम दाखवला गेला. दिग्दर्शिका वांदा याकुबोव्स्का आणि सहलेखिका गेर्डा श्नायडर या दोघी आउश्वित्झ या नाझी छळछावणीच्या माजी कैदी. १९४७ मध्ये चित्रीकरणही त्याच छावणीच्या आवारात झाले. वाचलेल्या काही स्त्रिया कैद्यांचे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे पुन्हा अंगावर चढवून कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

या बायका पडद्यावर केवळ बळी म्हणून येत नाहीत. त्या आजारी मैत्रिणींना जगवतात, छावणीतले सत्य बाहेर पोहोचवण्यासाठी जीव पणाला लावतात. दुभाषी मार्टाची व्यक्तिरेखा माला झिमेतबाउमवर बेतलेली आहे. माला १९४४ मध्ये छावणीतून पळाली, पकडली गेली आणि मारली गेली. रात्री छावणीत शिरणाऱ्या आगगाडीचे यातले दृश्य फ्रेंच दिग्दर्शक आलँ रेनेने पुढे नाझी छावण्यांवरील आपल्या माहितीपटात वापरले. छावणी म्हटल्यावर जगाच्या डोळ्यांसमोर जे उभे राहते, त्यातले काही या चित्रपटाने घडवले. साक्षीदार एकेक करून निघून जात असताना, त्यांनी स्वतः रचलेली ही साक्ष म्हणूनच मोलाची.