वरच्या वर्गाची जागा : निजामाची रेल्वे, गौलीगुडा आणि पुण्याची शताब्दी

हैदराबाद संस्थानात आगगाडी आली ती १८७४ मध्ये. मुंबईहून रायचूरकडे जाणारा जी.आय.पी. रेल्वेचा मार्ग १८७१ मध्येच पुरा झाला होता. त्यावरच्या वाडी जंक्शनपासून सिकंदराबादपर्यंत फाटा काढावा, ही इंग्रजांची निकड होती, कारण सिकंदराबादला त्यांची मोठी छावणी होती. दिवाण पहिले सालारजंग यांनी संस्थानासाठी हे काम अंगावर घेतले. पुढे १८८३ च्या सुमारास हा मार्ग लंडनमध्ये उभ्या राहिलेल्या कंपनीकडे सोपवण्याचा करार झाला आणि कंपनीच्या भागधारकांना व्याजाची हमी निजामाच्या खजिन्यातून मिळाली. ‘निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’ या नावातली हमी ती हीच. चांदा रेल्वे योजना म्हणून गाजलेल्या या व्यवहाराला शहरातल्या सुशिक्षितांनी उघड विरोध केला. सरोजिनी नायडूंचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना त्या वादात शहर सोडावे लागले. रेल्वेचा पैसा रयतेचा आणि नफ्याची खात्री परक्या भागधारकाला, हा त्यांचा आक्षेप होता. वरच्या वर्गाचा इतिहास पाहताना तो विसरून चालत नाही, कारण त्या वर्गाची सगळी सरबराई याच हमीच्या रुळांवरून धावत होती.

देशभर जे वर्ग रूढ झाले ते चार : पहिला, दुसरा, इंटर आणि तिसरा. इंटर सगळीकडे नव्हता, तिसरा मात्र सगळीकडे होता आणि रेल्वेच्या प्रवाशांतला फार मोठा भाग त्यातच कोंबलेला असे. पहिल्या वर्गाचा डबा म्हणजे एकमेकांशी आतून न जोडलेल्या स्वतंत्र खोल्या. प्रत्येक खोलीचे दार थेट फलाटावर उघडे. आत चार बर्थ, कूपे असेल तर दोनच. बाकांना चामड्याच्या जाड गाद्या, खिडकीला काच, जाळी आणि लाकडी झडप असे तिहेरी पडदे, शेजारी स्वतःचे न्हाणीघर. नोकरासाठी लगतच लहानसा साधा कप्पा असे, म्हणजे साहेबाने स्टेशनावर हाक मारली की तो हजर. अंथरूण रेल्वे देत नसे, ज्याने त्याने आपली वळकटी होल्डॉलमध्ये बांधून आणायची. उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे लावत आणि खोलीच्या मधोमध बर्फाच्या लादीचे टब ठेवत. दख्खनच्या पठारावर एप्रिल-मे मध्ये लोखंडी-लाकडी डबा कसा तापतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या बर्फाची किंमत वेगळी सांगायला नको.

जेवणाची व्यवस्था डब्याच्या या रचनेमुळेच वेगळी घडली. गाडी चालू असताना एका खोलीतून दुसरीत जाता येत नसल्यामुळे बेअरा स्टेशनावरच चढायचा आणि पुढच्या स्टेशनावर उतरून रिकामी भांडी घेऊन जायचा. प्रवाशाने गार्डाला सांगितले की गार्ड पुढच्या मोठ्या स्टेशनाला तार करी आणि तिथल्या उपाहारगृहात ताट तयार राही. दक्षिणेकडच्या मार्गांवर या कामात स्पेन्सर कंपनीचे नाव मोठे होते. जेवणाचे स्वतंत्र डबे काही मेल गाड्यांना जोडले गेले, पण ते वरच्या दोन वर्गांसाठी. तिसऱ्या वर्गाचा प्रवासी फलाटावर पाणीवाल्याची वाट पाही किंवा घरून बांधून आणलेली भाकरी सोडी. लाकडी बाक, गर्दी, घाण आणि अपमान यांचा हिशेब गांधीजींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गावरच्या आपल्या पुस्तिकेत मांडला. त्यातला मुद्दा सरळ होता : रेल्वेचे उत्पन्न ज्यांच्या तिकिटांवर उभे आहे, त्यांच्याच वाट्याला सर्वांत कमी सोय येते.

संस्थानाच्या मराठी मुलखाला आगगाडी मिळाली ती आणखी उशिरा. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे हा मीटर गेजचा मार्ग १९०० च्या आसपास निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडला जाऊन भिडला. त्याचे हैदराबादेतले मोठे स्टेशन काचीगुडा, त्याची घुमटांची इमारत १९१६ मधली. शहराचे दुसरे स्टेशन नामपल्ली, ते १९०७ मधले. काचीगुड्याला पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळी सोय होती. पडदा पाळणाऱ्या घरांत वरच्या वर्गाचे तिकीट काढण्यामागे गादीपेक्षा बंद दार हे कारण मोठे असे. जनाना डबा सर्वच वर्गांत असे, पण तिसऱ्या वर्गातल्या जनान्यात गर्दी तीच. अजिंठा-वेरूळला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी औरंगाबादेत रेल्वेचे हॉटेल होते. त्यामुळे मराठवाड्याच्या एकेरी मीटर गेजवरही पहिल्या वर्गाचे डबे नियमित धावत. मराठवाड्यातून शिक्षणासाठी, कोर्टकचेरीसाठी आणि नोकरीसाठी हैदराबादेत येणारा मराठी माणूस मात्र बहुतेक वेळा तिसऱ्या वर्गातून काचीगुड्याला उतरे आणि सुलतान बाजार, इसामिया बाजार, गौलीगुडा या भागांत नातेवाइकाचे घर शोधी.

गौलीगुडा रेल्वेच्या इतिहासात येतो तो १९३२ मध्ये. त्याआधी दोन वर्षे, १९३० मध्ये, संस्थानाने कंपनीकडून रेल्वे विकत घेतली आणि ती खऱ्या अर्थाने निजाम स्टेट रेल्वे झाली. त्याच सुमारास सगळ्या देशात मोटारगाड्या रेल्वेचे जवळच्या अंतराचे प्रवासी पळवू लागल्या होत्या. ब्रिटिश हिंदुस्थानात यावर समित्या नेमल्या गेल्या, अहवाल लिहिले गेले. हैदराबादने वेगळी वाट धरली : बसचा धंदाच रेल्वेच्या हाती दिला. जून १९३२ मध्ये रेल्वेचा रस्ते वाहतूक विभाग सुरू झाला, २७ बस आणि १६६ कर्मचारी घेऊन. संस्थानी सरकारच्या मालकीची ही बससेवा देशातल्या अगदी सुरुवातीच्या सरकारी सेवांपैकी एक होती. मध्यवर्ती स्थानक झाले गौलीगुड्यात, अमेरिकेतून आणलेल्या, विमाने ठेवण्यासाठी बनवलेल्या पत्र्याच्या प्रचंड कमानदार हँगरमध्ये. स्थानिक लोक त्याला ‘मिसिसिपी हँगर’ म्हणत.

त्या पहिल्या ताफ्यातली स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीची १९ आसनांची एक बस पुढे हैदराबादच्या बस भवनासमोर जपून ठेवण्यात आली. तिचे नाव ‘डेक्कन क्वीन’. मुंबई-पुण्याची त्याच नावाची आगगाडी १ जून १९३० रोजी सुरू झाली होती, म्हणजे बस दोन वर्षांनी धाकटी. दोघींची तुलना करण्यासारखी आहे. आगगाडीत सुरुवातीला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. सात-सात डब्यांचे दोन संच, एक चंदेरी रंगाचा, दुसरा गडद निळा. सोबत जेवणाचा डबा. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला या गाडीत पंचवीस वर्षे पाऊल ठेवता आले नाही, तो वर्ग तिला जून १९५५ मध्ये जोडला गेला. गौलीगुड्याच्या बसमध्ये वळकटी पसरायला बर्थ नव्हता, न्हाणीघर नव्हते, नोकराचा कप्पाही नव्हता. वकील आणि शेतकरी एकाच छपराखाली, एकाच रांगेत बसत. निजामाच्या एकाच रेल्वेने लांबच्या अंतरावर भिंती उभ्या केल्या आणि जवळच्या अंतरावर त्या काढल्या, हे या इतिहासातले सर्वांत बोलके सत्य आहे.

नोव्हेंबर १९५१ मध्ये दोन्ही गोष्टी वेगळ्या झाल्या. निजाम स्टेट रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली आणि बस विभाग हैदराबाद राज्य सरकारकडे गेला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाड्यातल्या बसचा कारभार वेगळा काढला गेला आणि तो १९६१ मध्ये महाराष्ट्राच्या एसटी महामंडळात मिसळला. गौलीगुड्याचे स्थानक १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आंध्र प्रदेशच्या महामंडळाकडे आले. बसच्या नंबरातले ‘झेड’ हे अक्षर मात्र टिकले. ते सातव्या निजामाच्या आई झहरा बेगम यांच्या नावावरून आले, असे सांगितले जाते.

रेल्वेतल्या वर्गांची फेररचना याच काळात झाली. १९५५ मध्ये जुना पहिला वर्ग रद्द झाला, दुसऱ्याला पहिला म्हणू लागले आणि इंटरला दुसरा. तिसरा वर्ग १९७४ पर्यंत तिसराच राहिला, मग त्याची पाटी पुसून ‘दुसरा’ असे लिहिले गेले. बाक तेच होते. खरा बदल वरच्या टोकाला घडत होता. वातानुकूलित डबा १९३० च्या दशकात आला होता. १९५६ मध्ये दिल्ली-हावडा मार्गावर पूर्ण वातानुकूलित गाडी सुरू झाली आणि तिचे डबे आतून एकमेकांना जोडलेले होते. ही जोडणी फार महत्त्वाची ठरली. बेअरा आता चालत्या गाडीत कुठेही जाऊ शकत होता. स्टेशनवरचे उपाहारगृह मागे पडले, गाडीतल्या पॅन्ट्रीचा काळ सुरू झाला. १९६९ मधल्या राजधानी एक्स्प्रेसने भाड्यातच जेवण धरले. १९८८ मध्ये शताब्दी आली तेव्हा बर्थही गेला, कारण ही दिवसाची गाडी. तिच्या वरच्या वर्गाला ‘एक्झिक्युटिव्ह’ असे नाव मिळाले. विमानातल्या बिझनेस क्लासची कल्पना रुळांवर उतरली ती इथे.

हैदराबादच्या जुन्या वाडी फाट्यावर हा वर्ग २०११ मध्ये पोहोचला, पुणे-सिकंदराबाद शताब्दीने. सोलापूर, कलबुर्गी, वाडी, तांडूर, विकाराबाद असा हा सुमारे ६०० किलोमीटरचा रस्ता. पहाटे पुण्याहून निघून दुपारी सिकंदराबाद आणि रात्री पुन्हा पुणे. सालारजंगांच्या मार्गावर आता पुण्याचे नोकरदार, हैदराबादच्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांतले मराठी अभियंते आणि दोन्ही शहरांत घरे असलेली कुटुंबे जा-ये करतात. सर्वसाधारण वातानुकूलित चेअर कारमध्ये मधल्या वाटेच्या एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन खुर्च्या, एका डब्यात ७८. एक्झिक्युटिव्हमध्ये दोन्हीकडे दोन-दोन, एका डब्यात ५६. भाडे साधारण दुप्पट. रांगेतली पाचवी खुर्ची काढली की उरलेल्या चौघांना कोपर टेकायला जागा होते, गुडघ्यापुढे हातभर मोकळीक राहते, पाठ अधिक मागे झुकते आणि पाय ठेवायला पट्टी मिळते. सकाळी थर्मासमधले गरम पाणी, चहाची पुडी, साखर व दुधाच्या पावडरीची पाकिटे, वर्तमानपत्र, मग नाश्ता, नंतर जेवण. वाढणारे तेच, पॅन्ट्रीही तीच. फरक पदार्थांच्या निवडीत, भांड्यांत आणि ताट पुढे करण्याच्या निवांतपणात.

जुन्या पहिल्या वर्गाशी याची तुलना केली तर सर्वांत आधी दाराचा फरक जाणवतो. तिथे दाराला आतून कडी होती आणि तीच त्या तिकिटाची मुख्य किंमत होती. इथे ५६ जण एका दालनात बसतात, शेजारच्याचे फोनवरचे बोलणे ऐकतात, मूल रडले तर सगळ्यांना कळते. हा बदल चांगलाच म्हटला पाहिजे. पैसे देऊन जास्त जागा घेणे वेगळे आणि लोकांपासून लपणे वेगळे. हुद्द्याचा हिशेब मात्र पुरता सुटलेला नाही. केंद्र सरकारच्या प्रवास नियमांत अजूनही वेतनस्तर १२ आणि त्यावरचे अधिकारी एक्झिक्युटिव्हला पात्र, त्याखालचे चेअर कारला. वरच्या वर्गाला सांभाळून घेण्याची सवयही टिकून आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये मागणीनुसार भाडे वाढवण्याची पद्धत शताब्दी गाड्यांना लागू झाली, तेव्हा एक्झिक्युटिव्ह वर्ग तिच्यातून वगळला गेला. वाढीचा भार चेअर कारवर पडला. त्याच वर्षी जेवण ऐच्छिक करण्याचा प्रयोग ज्या थोड्या गाड्यांवर झाला, त्यांत पुणे-सिकंदराबाद शताब्दी होती. घरचा डबा आणणाऱ्याला जेवणाचे पैसे वाचवण्याची मुभा मिळाली, ही सुधारणा प्रवाशांच्या खऱ्या सवयी ओळखून केलेली होती.

पुढची पायरी काचेच्या छताची. ऑगस्ट २०२२ मध्ये या गाडीला ४४ आसनांचा व्हिस्टाडोम डबा जोडला गेला. भिगवणजवळचे उजनीचे पाणी आणि विकाराबादच्या अनंतगिरी टेकड्या त्यातून दिसतात. जानेवारी २०२३ पासून सिकंदराबादहून वंदे भारत गाड्या सुटू लागल्या. त्यांच्या एक्झिक्युटिव्ह खुर्च्या फिरवता येतात. सप्टेंबर २०२४ मध्ये नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत सुरू झाली ती २० डब्यांची. प्रवासी पुरेसे मिळेनात, म्हणून काही महिन्यांतच ती ८ डब्यांवर आणावी लागली. महाग खुर्च्यांना गिऱ्हाईक किती, याचा अंदाज चुकू शकतो हे यातून स्पष्ट झाले.

गौलीगुड्यात दरम्यान बसनेही वर्ग स्वीकारले. १९९४ मध्ये मुसी नदीच्या पात्रात इमलीबनला महात्मा गांधी बस स्थानक उभे राहिले आणि लांबच्या गाड्या हँगरमधून तिकडे हलल्या. खेड्यापाड्यांची ‘पल्ले वेलुगु’, तीन-दोन खुर्च्यांची एक्स्प्रेस, दोन-दोन खुर्च्यांची सुपर लक्झरी, वातानुकूलित ‘गरुड’ अशी उतरंड तयार झाली. खुर्च्यांचा हिशेब रेल्वेसारखाच : पाचवी काढली की वर्ग वर जातो. हँगर शहर बससाठी वापरात राहिला आणि ५ जुलै २०१८ रोजी पहाटे कोसळला. तो धोकादायक झाल्याचे ओळखून आधीच रिकामा केला असल्यामुळे जीव कोणाचाही गेला नाही. रेल्वे आणि रस्ता एकाच घराण्याचे होते याची शहरातली सर्वांत मोठी खूण तेव्हा नाहीशी झाली, आणि ती वेळीच दुरुस्त करून राखायला हवी होती.

शताब्दी आणि वंदे भारत या गाड्यांना अनारक्षित डबा नाही. आयत्या वेळी हैदराबादहून नांदेड, परभणी किंवा औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) निघालेल्या माणसाला आजही अजिंठा किंवा देवगिरी एक्स्प्रेसचा साधा डबा गाठावा लागतो, नाहीतर इमलीबनला जाऊन एसटी धरावी लागते.